आईंचे गुडघे आणि पुण्याचे जिने

प्रश्न : दिवाळीनंतर आईला (वय ७४) घेऊन दोन दिवस पुण्याला यायचं आहे. तिचे गुडघे दुखतात. शनिवारवाडा, पर्वती, केळकर म्युझियम, आगाखान पॅलेस, तुळशीबाग अशी यादी केलीय. एक नातेवाईक म्हणतात, शनिवारवाड्यात बघण्यासारखं काही नाही. खरं का? शिवाय राहायचं कुठे, खायचं काय?
– एक वाचक, लातूर

उत्तर : वाडा १८२८च्या आगीत जळाला, त्यामुळे आत जोती, कारंज्यांचे हौद आणि हिरवळ एवढंच उरलंय. पण दिल्ली दरवाजाचे खिळे जवळून बघा. हत्तीने धडक मारू नये म्हणून ठोकलेले आहेत ते. आईंना हिरवळीपाशी बसवा, नगारखान्यावर तुम्ही एकटेच चढा. अर्धा तास पुरे.

वाचलेला वेळ केळकर म्युझियमला द्या. शुक्रवार पेठेत आहे. मस्तानी महाल बघायला सगळेच जातात, पण खरी मजा घरगुती वस्तूंत आहे : दिवे, दौती, पाय घासायच्या नक्षीदार वज्री. सासूबाईंना नेलं होतं, तर अडकित्त्यांच्या कपाटासमोरून त्या हलेनात. "एवढी नक्षी! मग सुपारी कातरायची की नुसतं बघत बसायचं?" जिने आहेत, तेव्हा तळमजलाच सावकाश बघा. वर जायचं की नाही ते आईंना ठरवू दे.

आगाखान पॅलेस नगर रस्त्यावर, म्हणजे पेठांपासून लांब. तो दुसऱ्या दिवशी सकाळी. १९४२ साली गांधीजींना इथेच स्थानबद्ध केलं होतं. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा इथेच गेले, त्यांच्या समाधी मागच्या आवारात आहेत. झाडी भरपूर, बसत-उठत जाता येतं. तुळशीबागेत रविवारी संध्याकाळी आईंना नेऊ नका, धक्के खाल.

राहायला डेक्कन किंवा जंगली महाराज रस्ता बरा. फोटोंवर जाऊ नका, फोन करून तीन गोष्टी विचारा : लिफ्ट आहे का, कमोड आहे का, गरम पाणी किती वाजेपर्यंत. माझ्या भाच्याला एका लॉजवर सकाळी साडेसातला उत्तर मिळालं, "संपलं. उद्या लवकर उठा." पेठांत जायला रिक्षाच करा. डेक्कनहून मेट्रोने मंडईला जाता येतं, पण सिव्हिल कोर्टला गाडी बदलताना बरंच खाली उतरावं लागतं.

नारायण पेठेतली बेडेकरांची मिसळ खाल तर सकाळीच. पावाऐवजी स्लाइस येतील आणि रस्सा तुमच्या मराठवाडी जिभेला गोड लागेल, तिथे तक्रार करू नका, ती चव तशीच आहे. दुपारच्या उन्हात सदाशिव पेठेत सुजाताची मस्तानी घ्या. दोघांत एक पुरते.

पर्वती मात्र आईंच्या यादीतून काढाच. १०३ पायऱ्या आहेत, त्याही बुटक्या-रुंद, हत्तीच्या चालीच्या. आईंचा चहा होईपर्यंत पहाटे तुम्ही एकटे जाऊन या.