कंट्री आणि रूट्स (अमेरिकेच्या मातीतलं लोकसंगीत) मला नवीन आहे. ‘द बँड’ या रॉक गटाची कोणती गाणी आधी ऐकावीत?

आधी ‘द वेट’, १९६८चं. चालीत अवघड काही नाही, पण ध्रुवपदाच्या शेवटी आवाज एकामागून एक येऊन थरावर थर चढतात, तिथे कान द्या. हेडफोन लावलात तर उत्तम. बहुतेक कडवी ड्रमर लेव्हन हेल्म गातो, चौथ्याला मात्र बेसवाला रिक डँको पुढे येतो. गाण्यातलं नाझरेथ म्हणजे पेनसिल्व्हेनियातलं, मार्टिन गिटारी बनतात ते गाव, बायबलमधलं नव्हे.

गंमत म्हणजे अमेरिकेच्या मातीतलं वाटणारं हे संगीत करणाऱ्या पाचांपैकी चौघे कॅनडाचे! अस्सल दक्षिणेकडचा एकटा हेल्म, आर्कान्सासचा.

मग १९६९च्या ‘द बँड’ याच नावाच्या अल्बमकडे वळा. ‘अप ऑन क्रिपल क्रीक’मध्ये बेडूक डरावल्यासारखा आवाज येतो, तो बेडूक नाही की मोर्चंगही नाही, कीबोर्डवाल्या गार्थ हडसनने क्लॅव्हिनेटला (एक इलेक्ट्रिक कीबोर्ड) वा-वा पेडल, म्हणजे पायाने दाबून सूर ‘वा-वा’ असा वळवणारं यंत्र, जोडलंय. ‘किंग हार्वेस्ट’ त्याच अल्बमवर शेवटी आहे. गरिबीने गांजलेल्या, पिकाची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याचं गाणं. आपल्याकडच्या माणसाला ते समजावून सांगावं लागत नाही.

नंतरचे अल्बम सावकाश ऐका, घाई नाही.