व्हिस्कॉसिटीला ‘दाटपणा’ म्हणावं का?

प्रश्न असा आहे: पंपाच्या माहितीपुस्तिकेचं मराठी करताना ‘व्हिस्कॉसिटी’साठी ‘श्यानता’ लिहायला सांगितलं आहे. हा शब्द वाचणाऱ्याला कळत नाही. मग सरळ ‘दाटपणा’ किंवा ‘चिकटपणा’ का लिहू नये? आणि हा ‘श्यान’ आला कुठून?

‘दाटपणा’ लिहू नका, एवढं आधी सांगतो. जंगल दाट, धुकं दाट, केस दाट म्हणताना थोड्या जागेत पुष्कळ काही मावलंय, असं आपल्या मनात असतं. ही घनतेचीच कल्पना झाली. मध दाट आहे म्हणतो तेव्हा मात्र तो सावकाश वाहतो, एवढंच सांगायचं असतं. ही झाली श्यानतेची कल्पना. रोजच्या बोलण्यात संदर्भ हे सांभाळून घेतो. पंपाच्या पुस्तिकेत दोन्ही राशी शेजारीशेजारी येतात आणि तिथे घोटाळा होतो. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, पण त्याची श्यानता पाण्याच्या जेमतेम दीडपट. ग्लिसरीन पाण्याहून सव्वापटच जड, पण २० अंश सेल्सिअसला त्याची श्यानता पाण्याच्या सुमारे १,४०० पट. इंजिन ऑइल तर पाण्यावर तरंगतं, तरी ओतताना पाण्यापेक्षा कितीतरी हळू पडतं. पारा वर चढवायचा तर पंपाला वजन उचलावं लागतं. ग्लिसरीन लांब नळीतून ढकलायचं तर त्याच्या थरांच्या आपसातल्या घर्षणाशी झुंजावं लागतं. दोघांनाही ‘दाट’ म्हटलं तर पंप निवडणाऱ्याने काय समजायचं?

हा गोंधळ मराठीपुरता नाही. ऑइलच्या डब्यावर ‘२०डब्ल्यू-४०’ असं छापलेलं असतं. त्यातला ‘डब्ल्यू’ म्हणजे ‘वेट’, वजन, असं पुष्कळ जण समजतात. तो ‘विंटर’चा आहे. आधीचा आकडा थंडीतल्या वागण्याची श्रेणी सांगतो, नंतरचा तापलेल्या ऑइलची. वजनाशी दोन्हींचा संबंध नाही. वायूंच्या बाबतीत तर भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६० साली गणिताने दाखवलं की वायूची श्यानता त्याच्या घनतेवर अवलंबून नसते. हवा विरळ केली तरी श्यानता तेवढीच राहायला हवी, हे त्यालाही चमत्कारिक वाटलं होतं. पुढे त्याने आणि त्याची पत्नी कॅथरीनने घरीच प्रयोग करून ते पडताळून पाहिलं. अगदी अतिविरळ हवेत हा नियम मोडतो, पण घनता आणि श्यानता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत याचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही.

‘चिकटपणा’ची बाजू थोडी भक्कम आहे. इंग्रजी शब्दाच्या मुळाशी लॅटिन ‘विस्कम’ आहे. बांडगुळासारखी ती एक वनस्पती. तिच्या फळांपासून पक्षी पकडायचा चीक करत, आणि त्या चिकालाही तेच नाव होतं. पण चिकट वस्तू दुसऱ्याला चिकटते, बोटाला, कागदाला. श्यानता ही पदार्थाच्या स्वतःच्या थरांमधली ओढाताण आहे. एक थर पुढे सरकू लागला की शेजारचा त्याला मागे खेचतो. न्यूटनने १६८७ साली याच गोष्टीचं वर्णन ‘निसरडेपणाचा अभाव’ असं केलं होतं, आणि मला ते फार नेमकं वाटतं. पाण्याला आपण चिकट म्हणणार नाही, हवेला तर नाहीच, पण श्यानता दोन्हींना आहे. पंख्याच्या पात्यांवर धूळ बसते ती पंखा गरगर फिरत असूनही उडून जात नाही, कारण पात्याला अगदी लगटून असलेला हवेचा थर पात्याबरोबरच फिरतो. त्या धुळीला वारा जवळजवळ लागतच नाही.

आता ‘श्यान’. संस्कृतात ‘श्यै’ धातू आहे: गोठणं, थिजणं, आळणं. पाणिनीने या धातूसाठी एक वेगळं सूत्रच दिलं आहे. पातळ पदार्थ थिजण्याच्या अर्थी ‘शीन’ होतं, परंपरेतलं उदाहरण ‘शीनं घृतम्’, थिजलेलं तूप. स्पर्शाच्या अर्थी त्याच धातूचं ‘शीत’ होतं. एरवी ‘श्यान’. म्हणजे थंड आणि थिजलेलं हे शब्द सख्खे भाऊ आहेत! आयुर्वेदात पडशाला ‘प्रतिश्याय’ म्हणतात, तोही याच घरातला. द्रव गार झाला की त्याची श्यानता वाढते, ही गोष्ट या शब्दाच्या पोटातच आहे. परिभाषा घडवणाऱ्यांनी असा शब्द शोधून काढला, याचं मला मनापासून कौतुक वाटतं. वायूंचं मात्र उलटं असतं, तापले की त्यांची श्यानता वाढते. तिथे व्युत्पत्ती साथ देत नाही.

तुमच्या पुस्तिकेपुरतं बोलायचं तर पहिल्यांदा शब्द येईल तिथे ‘श्यानता, म्हणजे वाहताना जाणवणारा घट्टपणा’ असं लिहा आणि पुढे नुसतं ‘श्यानता’. ‘दाट’पेक्षा ‘घट्ट’ बरा, कारण घट्ट धुकं किंवा घट्ट जंगल कुणी म्हणत नाही. घट्ट झाकणाशी गल्लत व्हायचीही भीती नाही. यंत्रावर काम करणाऱ्यांसाठीच्या सूचनांत ‘जाड ऑइल’, ‘पातळ ऑइल’ खुशाल ठेवा. फक्त ‘पातळ’च्या जागी ‘हलकं’ येऊ देऊ नका, नाहीतर वजन पुन्हा मागच्या दाराने आत येईल. आणि पुस्तिकेत हवा खेचणाऱ्या ब्लोअरचं प्रकरण असेल तर तिथे ‘श्यानता’ला पर्याय नाही, ‘घट्ट हवा’ असं मराठीत कुणी म्हणत नाही.