पार्थिवाचं पार्थिव

प्रश्न असा: २०२२ साली एलिझाबेथ राणीची शवपेटी लंडनच्या वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये ठेवली होती, त्याला इंग्रजीत 'लाइंग इन स्टेट' म्हणतात. मराठीत काय म्हणावं? आणि 'राणीचं पार्थिव' हे बरोबर आहे का?

पहिल्याचं उत्तर एका ओळीत: 'इतमामाने दर्शनासाठी ठेवणे'. इथे 'स्टेट' म्हणजे राज्य नव्हे, थाट. फक्त इतमामाला 'राजकीय' चिकटवू नका. हिंदीत राजकीय म्हणजे सरकारी. मराठीत 'राजकीय इतमामात' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे पुष्पचक्रासोबत फोटो काढून घेणारे नगरसेवकच येतात. आपल्याकडे इतमाम शासकीय असतो. राणीच्या बाबतीत 'शाही' म्हणा, सुंठीवाचून खोकला जाईल.

आणि अशा बातम्यांत हटकून येणारं ते 'मुखदर्शन'! पेटी ओकची, आतून शिशाचं अस्तर, झाकण बंद. वर राजध्वज, मुकुट, राजदंड. १४ सप्टेंबरच्या संध्याकाळपासून १९ च्या सकाळपर्यंत सुमारे अडीच लाख माणसं समोरून गेली, काहींनी रांगेत अख्खी रात्र काढली. मुख एकालाही दिसलं नाही. दिसले ते चौथऱ्याभोवती मान खाली घालून उभे असलेले पहारेकरी. दर वीस मिनिटांनी काठीचा ठोका पडायचा आणि पहारा बदलायचा. नुसतं 'दर्शन' पुरे.

आता खरी गंमत, 'पार्थिव'. शुद्धलेखनाचे कोतवाल सांगतात, हे विशेषण आहे, 'पार्थिव देह' असंच लिहा. का म्हणून? तिखट हेही विशेषणच. तरी डब्यातलं तिखट संपलं की आपण तिखटच आणायला सांगतो, 'तिखट पूड' नाही. विशेषणाचं नाम करणं ही मराठीची जुनी सवय आहे.

याच मंडळींचं दुसरं म्हणणं, पार्थिव म्हणजे मातीचं, बाकी अर्थ नाही. त्यांनी अमरकोश, म्हणजे संस्कृतातला जुना पर्यायकोश, उघडावा. राजाच्या पर्यायांत पार्थिव अगदी सुरुवातीला भेटतो. पाणिनीने तर सर्वभूमी आणि पृथिवी यांना एकाच सूत्रात बसवलंय आणि पुढच्या सूत्रात म्हटलंय 'तस्येश्वरः', तिचा ईश्वर, म्हणजे धनी. सर्वभूमीचा तो सार्वभौम, पृथिवीचा तो पार्थिव. म्हणजे राज्यशास्त्राच्या पुस्तकातला 'सार्वभौम' आणि मृत्यूच्या बातमीतला 'पार्थिव' ही सख्खी भावंडं! मातीवर सत्ता चालवतो तो पार्थिव, मातीचं असतं ते पार्थिव. राणीचे वडील, राजे सहावे जॉर्ज, १९५२ साली याच हॉलमध्ये ठेवले होते, त्यांच्याबद्दल बेलाशक 'पार्थिवाचं पार्थिव' लिहावं. राणीसाठी 'पार्थिवी' म्हणता आलं असतं, पण ते नाव सीतेचं, आणि तीही शेवटी धरणीच्याच पोटात गेली.

माझा एक लाडका तर्क आहे. प्रेत, मढं, शव, मृतदेह एवढे शब्द हाताशी असताना मराठीने आदरासाठी 'पार्थिव'च का उचलला? त्यात राजाचा नाद उरलाय म्हणून. पुरावा मागू नका. पण चोराचं पार्थिव आणलं, असं कुणी म्हणत नाही, एवढं बघा.

मातीचा गणपतीही पार्थिवच. विसर्जनाच्या वेळी गुरुजी 'यान्तु देवगणाः सर्वे पूजामादाय पार्थिवीम्' म्हणतात, ते हेच. राणी गेली ८ सप्टेंबरला, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. आमच्याकडे उत्तरपूजेची तयारी चाललेली आणि टीव्हीवर दर दोन मिनिटांनी 'राणीचं पार्थिव'. आत्या दूर्वा निवडत होती. वर न बघता म्हणाली, "आपल्या घरात पार्थिव एकच, ते मखरात बसलंय. बंद कर ते."