टर्बोचा पाईप चौथ्यांदा घेण्याआधी

प्रश्न : नमस्कार साहेब, मी साखळीचा. डिझेल गाडी आहे, १ लाख ४० हजार किमी झालेत. वर्षभरात टर्बोहून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाईप तीनदा फाटला, आणि तीनही वेळा चोर्ला घाट चढताना, बेळगावला जाताना. फट्ट आवाज येतो, पिकअप जातो, मागे काळा धूर. गॅरेजवाला म्हणतो हल्ली पाईपच लोकल येतात. आता कंपनीचा घालू की सिलिकॉनचा?

उत्तर : दादा, आधी एक काम करा, जुने पाईप टाकले नसतील तर तिन्ही शेजारी ठेवून बघा कुठे फाटलेत. तिन्ही एकाच जागी फाटले असतील तर पाईपला दोष देऊन चालणार नाही, गाडीच त्याला फाडतेय.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, आणि इंटरकूलर ती तापलेली हवा थंड करतो. त्या मधल्या पाईपमध्ये दाब असतो साधारण १ ते १.५ बार, म्हणजे टायरमध्ये ३२ पीएसआय भरतो ना (ते होतात २.२ बार) त्याच्या निम्म्याच्या आसपास, चांगल्या रबराला हे जड नाही. मग घाटातच का फाटतो, तर चोर्ल्याच्या चढावर दुसऱ्या गिअरला टर्बो सतत भरून चालतो आणि त्याच वेळी इंजिन जोर लावून एका बाजूला कलतं. माउंटिंग (इंजिन ज्या रबरी आधारावर बसतं ते) चांगलं असेल तर थोडंच कलतं, पण त्याचं रबर बसलं असेल किंवा इंजिनाला हलू न देणाऱ्या खालच्या टॉर्क रॉडचा रबरी बुश फाटला असेल तर इंजिन भरपूर हलतं, इंटरकूलर मात्र बॉडीला घट्ट, आणि मधला पाईप बिचारा दर वळणाला ओढला जातो. १ लाख ४० हजारला माझा पहिला संशय इथेच आहे. बघायचं असं : बॉनेट उघडा, हँडब्रेक, पायाचा ब्रेक पूर्ण दाबून पहिला गिअर घाला, क्लच अगदी किंचित सोडा, मग रिव्हर्सला तसंच, आणि दुसऱ्या माणसाने बाजूला उभं राहून इंजिन किती उडतंय ते बघायचं. गाडीच्या समोर किंवा मागे कुणीही उभं राहायचं नाही, हे कृपा करून पाळा.

पाईप त्याच्या स्वतःच्या वळणावर आडवा चिरला असेल तर हेच कारण. खालच्या अंगाला घासून चकचकीत डाग असेल तर ब्रॅकेट लागतोय. क्लिपच्या काठाशी कापल्यासारखा असेल तर क्लिप जास्त आवळलीय, साध्या स्क्रूच्या क्लिपची धार रबरात रुततेच. आणि रबर फुगून मऊ, लिबलिबीत झालं असेल तर आत ऑईल जातंय. थोडा ऑईलचा ओलावा प्रत्येक टर्बो पाईपमध्ये असतो, त्याला घाबरू नका, पण इंटरकूलर खालून काढल्यावर ऑईल ओतून निघालं तर ब्रीदर (इंजिनातली वाफ बाहेर काढणारी नळी) चोकअप, डिपस्टिकच्या खुणेच्या वर भरलेलं ऑईल, किंवा टर्बोचं सील, यातलं काहीतरी आहे. इंजिन चालू ठेवून ऑईलचं झाकण उलटं ठेवून बघा, थोडी वाफ येतेच, पण झाकण उडून पडत असेल तर ब्रीदर चोकअप आहे किंवा इंजिन आतून झिजलंय. इंटरकूलरमधलं ऑईल मात्र आधी रिकामं कराच, ते इंजिनने ओढलं तर चावी बंद करूनही डिझेल इंजिन थांबत नाही.

सगळं ठीक निघालं तर स्कॅनरवर गाडीने मागितलेला बूस्ट (टर्बोचा दाब) आणि प्रत्यक्ष मिळणारा बूस्ट घाटासारख्या चढावर बघायला सांगा, प्रत्यक्ष जास्त जात असेल तर टर्बोच्या पात्या काजळीने अडकल्यात.

आता सिलिकॉन. दिसायला निळा, मजबूत, पण साधं सिलिकॉन ऑईलमध्ये फुगतं, आतून फ्लोरो लेअर (ऑईलला टिकणारा थर) असलेलाच घ्यायचा, नाहीतर मी तरी कंपनीचाच घालेन. बसवताना दोन्ही तोंडं ब्रेक क्लीनरने पुसून कोरडी करा, ऑईल राहिलं की पाईप निसटतो. कंपनीची स्प्रिंगवाली क्लिप असेल तर तीच परत लावा, गरम होऊन रबर दबलं तरी ती आपली पकड धरते.

आणि तोवर बेळगावला जायचं झालंच तर दुसऱ्या गाडीने जा. टेप गुंडाळून घाट चढू नका, हवा बाहेर पडत असली की टर्बो तो दाब भरायला गरजेपेक्षा जास्त फिरतो, आणि पाईपच्या पैशात टर्बो येत नाही.