दाट झाडीतल्या छोट्या डिस्क गोल्फ कोर्सवर पहिल्यांदा जाताय? ड्रायव्हर डिस्क गाडीतच ठेवा

अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या आसपास पाइन आणि ओकच्या झाडीतले डिस्क गोल्फ कोर्स बरेच आहेत (या खेळात चेंडूऐवजी फ्रिस्बीसारखी डिस्क साखळ्यांच्या बास्केटमध्ये फेकतात). तिथे नवखे लोक एकच गोष्ट करतात: सगळा जोर लावून फेकतात आणि डिस्क पहिल्याच खोडावर आपटते.

बॅगेत एक पटर (जवळच्या फेकीची हळू डिस्क) आणि एक मिडरेंज (मधल्या अंतराची) पुरे. ड्रायव्हर म्हणजे लांब फेकीची वेगवान डिस्क; ती सरळ जायला हाताचा वेग लागतो. तो नसेल तर डिस्क शेवटी डावीकडे वळते (उजव्या हाताने बॅकहँड, म्हणजे हात छातीसमोरून ओढून फेकताना). झाडीत तेवढी जागा कुठे असते? पटर हळू जाते, खोडाला लागली तरी फार लांब उडत नाही.

टीवर (पहिली फेक करायच्या जागी) उभं राहून बास्केट बघू नका, फट बघा. पंधरा-वीस पावलांवरच्या दोन खोडांमधली मोकळी जागा हेच लक्ष्य. धावत येणं सोडा, एका जागेवरून फेका. फोरहँडही (अंगाच्या बाजूने, तळहात पुढे ठेवून केलेली फेक) थोडा घोटून ठेवा, कारण उजवीकडे वळणाऱ्या वाटेवर तो फार कामाला येतो.

डिस्क झुडपात शिरली तर थेट बास्केटचा मोह आवरा आणि आडवी फेकून मोकळ्या वाटेवर या. फांद्या मोडून जागा करायला नियमाने मनाई आहे, आणि हरवलेली डिस्क शोधायला तीनच मिनिटं मिळतात. म्हणून भडक गुलाबी रंगाची घ्या. हिरवी घेणाऱ्यांना तर मी हात जोडतो! शोधताना तीन-तीन पानांची वेल दिसली तर हात लावू नका, पॉइझन आयव्ही असते, अंगाला भयंकर खाज सुटते.