सही आईची, होकार मुलाचा

नौपाडा, ठाणे

अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्ले थेरपीसाठी, म्हणजे खेळातून मुलांचं समुपदेशन करण्यासाठी, पालकांकडून घ्यायच्या संमतीपत्राचा तू पाठवलेला मसुदा काल वाशी लोकलमध्ये वाचायला घेतला. घणसोली आलं तरी मी दुसऱ्याच पानावर होते. मसुद्यात चूक काही नाही, वकिलाला दाखवलास तर पाठ थोपटेल. पण माझ्या शेजारी एक बाई मांडीवर मुलाची वॉटरबॅग धरून डुलक्या घेत होती, आणि तुझ्या खोलीत अशीच आई येणार आहे. तीन जिने चढून येईल, कागद पुढे ओढेल आणि म्हणेल, "कुठे करू सही, मॅडम?"

लगेच करू देऊ नकोस. आधी बोल.

ती विचारेल, "खेळायला एवढे पैसे? खेळतो तर तो सोसायटीच्या बागेतही." हा प्रश्न उद्धट नाही, तो विचारायचा तिचा हक्क आहे. तिला सांग, की आपण मोठी माणसं मनातलं बोलून मोकळी होतो, लहान मूल तेच बाहुलीच्या घरात, वाळूत, मातीच्या गोळ्यात मांडतं. इथे खेळ तेच निवडेल, मी घाई करणार नाही, अभ्यास घेणार नाही, आणि दहा सत्रांत मूल शहाणं करून देते असं वचनही देणार नाही. फी किती, आयत्या वेळी रद्द केलं तर काय, आढावा कधी घ्यायचा, हे ओघात येईलच. दोन गोष्टी मात्र नव्या मुली हटकून गाळतात. एक, आपण औषध देत नाही आणि गरज पडली तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवू. दुसरी, मुलाचं नाव न घेता मी या कामाबद्दल माझ्या वरिष्ठांशी बोलते. यात कमीपणा कसला? आणि मधले काही आठवडे मूल घरी जास्त चिडेल, रडेल, अशी शक्यता असते, हे पहिल्याच दिवशी सांगून ठेव. नाहीतर ती घाबरून येणंच बंद करेल. यायचं कधीही थांबवता येतं, हेही सांग. फक्त न कळवता नको, मुलाला निरोप घ्यायला एक सत्र हवं.

सगळं सांगून झालं की विचार, "घरी सासूबाईंनी विचारलं, तर काय सांगाल?" ती जे सांगेल, तेवढंच तिला कळलंय. राहिलेलं पुन्हा सांग. मग सही.

आपल्या गावात तर हे जास्तच जपायला हवं. इथे मनोरुग्णालय 1901 पासून आहे, आणि "याला ठाण्याला पाठवा" ही थट्टा अख्ख्या महाराष्ट्राने केली. ती भीती आईबापांच्या मनात अजून असते. म्हणून मुलाला सांगितलं जातं, "चल, वाढदिवसाला जाऊया", "ताईंकडे नवी खेळणी आलीत." आणि ते पोर आपल्या दारात फसवलं गेल्यासारखं उभं राहतं. आईला आधीच चार वाक्यं शिकवून ठेव: हल्ली तुला रात्री भीती वाटते ना, एक ताई आहेत, त्यांच्या खोलीत मुलं खेळतात, मी बाहेर बसेन.

कायद्याने 18 वर्षांखालच्या मुलाची सही चालत नाही, पालकाचीच लागते. पण बालहक्कांच्या ज्या कराराला 1989 साली संयुक्त राष्ट्रांनी मान्यता दिली आणि भारताने 1992 मध्ये तो स्वीकारला, त्याचं बारावं कलम म्हणतं, की मुलाला स्वतःबद्दलच्या गोष्टींत मत मांडू द्यावं आणि वयाच्या मानाने त्या मताला वजन द्यावं. आपल्या खोलीत याचा अर्थ अगदी साधा होतो. त्याला नाही म्हणता येतं. खेळायचं नसेल तर नुसतं बसता येतं. शू लागली तर जाता येतं, आईला बघून परत येता येतं. काढलेलं चित्र घरी न्यायचं की इथे ठेवायचं, हे ते ठरवतं. व्हर्जिनिया अ‍ॅक्सलाइन या अमेरिकन बाईंनी 1947 मध्ये प्ले थेरपीची जी तत्त्वं मांडली, त्यात मर्यादा अगदी मोजक्या ठेवल्या आहेत. मी एवढंच म्हणते: मला लागेल असं मारायचं नाही, तुला लागेल असं काही करायचं नाही, खेळणी मुद्दाम तोडायची नाहीत. बाकी खोली तुझी.

हा होकार दर वेळी नव्याने बघायचा असतो. तोंडाने "हो" म्हणणारं मूल दाराची चौकट धरून उभं असेल, तर चौकटीचं ऐक.

आता माझी चूक सांगते. सुरुवातीच्या काळात सात वर्षांचा एक मुलगा यायचा. त्याने घर काढलं, त्याला दार नव्हतं. मी उत्साहात ते चित्र त्याच्या आईला दाखवलं, वर अर्थही समजावला. पुढच्या आठवड्यात तो आला आणि चपला पायात ठेवूनच बसला. बऱ्याच वेळाने म्हणाला, "आईने विचारलं, दार का नाही काढलं म्हणून." त्यानंतर त्याने माझ्याकडे एकही चित्र काढलं नाही. आईला सगळं कळलं पाहिजे, ही माझी भावना चांगली होती. पण चित्र त्याचं होतं. तेव्हापासून पालकांना मी विषय सांगते, खेळ सांगत नाही: "घरातल्या भांडणांची त्याला काळजी वाटतेय, त्यावर आपण तिघं बोलूया." आणि काय सांगणार, ते मुलाला आधी विचारते.

मात्र "मी कुणालाच सांगणार नाही" हे वाक्य तोंडातून कधीही काढू नकोस. पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या कायद्याच्या, 19 व्या कलमानुसार लैंगिक अत्याचार कळला, तर विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवावंच लागतं. पालक नको म्हणाले तरी. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. म्हणून पहिल्याच सत्रात, मुलाला समजेल असं सांग: "इथलं इथेच राहतं. पण कुणी तुला दुखवतंय, किंवा तू स्वतःला दुखवशील असं मला वाटलं, तर मोठ्यांची मदत घेईन. घेण्याआधी तुला सांगेन." 1098 हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर दारामागे चिकटव, मुलाच्या उंचीवर.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा गोपनीयतेचा आणि आपली कागदपत्रं बघण्याचा हक्क देतो. आपल्यासारखे समुपदेशक त्या कायद्यातल्या मानसिक आरोग्य व्यावसायिकांच्या व्याख्येत बसतात का, यावर लोक वाद घालतात. तू घालू नकोस, आपण बसतोच असं धरून नोंदी लिही. उद्या पालकाने किंवा न्यायाधीशाने वाचल्या, तर लाज वाटणार नाही अशा.

वेगळे राहणारे आईबाप आले, की ताबा कुणाकडे आहे ते तोंडी ऐकून सोडू नकोस, कोर्टाच्या आदेशाची प्रत माग. "मी बाप आहे, रिपोर्ट पाठवा" असा फोन येईलच. फोनवर काहीही द्यायचं नाही. ते मूल तुझ्याकडे येतं, एवढंही नाही. जिन्यात भेटणाऱ्या वर्गशिक्षिकेलाही हाच नियम.

आणि मुलाने खेळणी मांडलेल्या वाळूच्या ट्रेचा फोटो स्टेटसला? चेहरा नसला तरी नको. त्या मुलाला आपला डायनोसॉर ओळखू येतो.

मसुदा दीड पानाचा करून परत पाठव. त्याआधी तुझ्या आईला मोठ्याने वाचून दाखव, आणि ती जिथे जांभई देईल तिथे पेन्सिलीने खूण कर.

तुझी,
ताई