अमेरिकेत ब्रिटिश अमदानीतलं एखादं काउंटी कोर्ट अजून उभं आहे का? असल्यास त्याचा इतिहास काय?

आहे, आणि मी ते अनेकदा पाहिलंय. मी व्हर्जिनियात रिचमंडला राहतो. इथून उत्तरेला साधारण अर्ध्या तासावर हॅनोव्हर काउंटीचं जुनं कोर्ट आहे. माझे वडील कोकणात तालुका कोर्टात बेलिफ होते, त्यामुळे कोर्टाची इमारत दिसली की माझे पाय आपोआप तिकडे वळतात.

काउंटी १७२० सालची. इंग्लंडचा राजा पहिला जॉर्ज हा जर्मनीतल्या हॅनोव्हरचा, म्हणून हे नाव. इमारत १७३५ च्या सुमाराची असं पूर्वी सांगत; अभ्यासक आता ती १७३७ ते १७४२ या काळात बांधली असावी असं मानतात. लाल विटांची, एकमजली, बेताचीच आहे. समोर कमानींची ओसरी. कोर्ट महिन्यातून एकदा भरायचं, तेव्हा लांबून घोड्यावरून आलेले पक्षकार, साक्षीदार ऊन-पाऊस चुकवत इथेच थांबत. त्या कमानीखाली पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा आमच्या कोर्टाचा व्हरांडा डोळ्यांसमोर आला. भिंतीला हात लावून पाहा. हातांनी पाडलेल्या विटा आहेत, एक दुसरीसारखी नाही.

या इमारतीचं नाव झालं ते एका पगाराच्या दाव्यामुळे. तेव्हा व्हर्जिनियात रोख पैसा कमी, सगळा व्यवहार तंबाखूवर. सरकारी चर्चच्या पाद्र्याचा वर्षाचा पगार कायद्याने १६,००० पौंड वजनाची तंबाखू असा ठरलेला. १७५८ साली पीक बुडालं आणि भाव तिपटीच्या आसपास गेला. लोकांना एवढी तंबाखू देणं परवडेना, म्हणून व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने कायदा केला: तंबाखूच्या देण्याऐवजी पौंडाला दोन पेन्स रोख द्यावेत. पाद्र्यांनी लंडनला दाद मागितली आणि १७५९ मध्ये राजाने तो कायदा नामंजूर केला. मग जेम्स मॉरी नावाच्या पाद्र्याने आपल्या उरलेल्या पगारासाठी हॅनोव्हरला दावा लावला.

५ नोव्हेंबर १७६३ ला कोर्टाने मॉरीच्या बाजूने निकाल दिला. स्थानिक कायदा मुळातच रद्द, तेव्हा पैसे देणं लागतं. प्रतिवादीच्या वकिलाने वकीलपत्रच सोडलं. आता ज्युरीने फक्त भरपाईचा आकडा सांगायचा होता. हरलेल्या बाजूने उभा राहिला २७ वर्षांचा पॅट्रिक हेन्री. रस्त्यापलीकडची खाणावळ त्याच्या सासऱ्याची, आणि न्यायासनावर मुख्य जागी बसलेले जॉन हेन्री म्हणजे त्याचे सख्खे वडील!

१ डिसेंबरला तो जवळजवळ तासभर बोलला. त्या भाषणाची नोंद कोर्टात नाही. हॅनोव्हरचं बहुतेक दप्तर सुरक्षित राहावं म्हणून यादवी युद्धात रिचमंडला हलवलं होतं, आणि एप्रिल १८६५ मध्ये शहर पेटलं तेव्हा ते तिथेच जळालं. हेन्री काय बोलला हे आपल्याला कळतं ते खुद्द मॉरीच्या पत्रामुळे. अकरा दिवसांनी त्याने दुसऱ्या एका पाद्र्याला सगळी हकीकत कळवली. हरलेल्या माणसाने प्रतिस्पर्ध्याचं बोलणं इतकं तपशिलात लिहून ठेवावं याचं मला फार कौतुक वाटतं.

पत्रानुसार हेन्रीचा मुद्दा असा: प्रजेच्या हिताचा कायदा मोडणारा राजा प्रजेचा बाप राहत नाही, जुलमी होतो, आणि प्रजेने आपलं ऐकावं हा त्याचा हक्क संपतो. कोर्टात ‘राजद्रोह, राजद्रोह’ अशी कुजबुज झाली, मॉरीचा वकील तर मोठ्याने ओरडला. न्यायाधीशांनी हेन्रीला थांबवलं नाही. ज्युरी पाच मिनिटांच्या आत परत आली. भरपाई, एक पेनी.

मॉरीची तक्रार होती की शेरीफने प्रतिष्ठितांना वगळून सामान्य माणसं ज्युरीवर घेतली, त्यात सरकारी चर्च न मानणारेही तीन-चार होते. वडिलांचं काम जवळून पाहिल्यामुळे मला ही तक्रार पोरकट वाटत नाही. समन्स कुणाच्या हाती जातं यावर बरंच ठरतं. कायद्याने मॉरीचं म्हणणं बरोबरच होतं असं माझं मत आहे. पण दूरच्या राजाने आपला कायदा मोडावा हे त्या शेतकऱ्यांना सहन होत नव्हतं, ते त्यांनी एका पेनीत सांगितलं. निकालानंतर हेन्रीने येऊन माफी मागितली, आपल्याला फक्त लोकप्रिय व्हायचं होतं म्हणाला, असंही मॉरीने लिहिलंय. पुढे हाच हेन्री स्वतंत्र व्हर्जिनियाचा पहिला गव्हर्नर झाला, आणि मॉरीकडे लहानपणी शिकलेल्या थॉमस जेफरसनने स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा मसुदा लिहिला.

एक गोष्ट मात्र तिथे गेल्यावर दर वेळी मनात येते. ज्या तंबाखूवरून हे भांडण झालं ती पिकवणारे हात बरेचसे गुलामांचे होते. व्हर्जिनियात १६९२ च्या कायद्याने, फाशीच्या गुन्ह्याचा आरोप असलेल्या गुलामाला ज्युरी मिळत नसे. काउंटीचे न्यायाधीशच, म्हणजे आसपासचे जमीनदार, बसून निकाल देत. अशा माणसांची बाजू एखाद्या पत्रात शोधावी तर ती सापडत नाही, आणि हॅनोव्हरचं दप्तर तर जळूनच गेलं.